पोळपाटावरचे चीज

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंदबाई सहकुटुंब धुळ्याला येतात आणि पहिल्या रात्री भरीत-पुरी ठरलेलीच असते. मात्र वांगी भाजून, सोलून, ठेचून होईपर्यंत जो तासभर जातो, त्या वेळेसाठी गेली तीन वर्षे मी चीज बोर्ड, म्हणजे दोन-तीन प्रकारच्या चीजची आणि सोबतच्या खाऊची फळी, मांडते. बोर्ड म्हणजे सासूबाईंचा सागवानी पोळपाट आणि त्यावर केळीचे पान.

खानदेशात हा थाट हिवाळ्यातच करावा, कारण उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की चीज पाहुण्यांच्या आधी घामाघूम होते. थंडीत अडचण नेमकी उलटी असते. फ्रिजमधल्या चीजमधील स्निग्धांश घट्ट झालेला असल्यामुळे त्याची चव आणि वास दबून राहतो, म्हणून ते तासभर आधी बाहेर काढावे असे सांगतात. पण डिसेंबरात इथे रात्री तापमान १० अंशांच्या खाली उतरते, त्यामुळे मी ते दोन तास आधी काढून स्वयंपाकघरात झाकून ठेवते.

पुढे जेवण असल्याने माणशी ५० ग्रॅम पुरे होते. चेडर, गौडा आणि ब्री हे तीनच प्रकार मी घेते. दूध साकळवणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढत असल्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच खरेदी होते, आणि त्याच रेनेटचे अस्सल इटालियन पार्मेझान चीज आमच्या शाकाहारी घरातून तिथेच बाद होते. ब्रीचे पांढरे कवच प्रथम पाहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला तर बुरशी आली आहे." त्यांचे काहीच चुकले नव्हते, ती बुरशीच असते, मुद्दाम वाढवलेली आणि खाण्याजोगी. आता त्या कवच बाजूला सारून आतला मऊ गर ठेच्याच्या टिपक्यासह खातात, आणि मला तर तो मेळ सर्वांत आवडतो.

बिस्किटे मी आणत नाही. सकाळची कळण्याची भाकरी मंद तव्यावर कडक करून तिचे तुकडे मांडते. ज्वारी-उडदाची ती खरपूस चव चेडरला छान पेलते. गौड्याजवळ आंबटगोड बोरे असतात. पेरूच्या फोडींवर नणंदबाईंनी शंका घेतली होती, परंतु ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी पांढऱ्या चीजबरोबर आवडीने खातात, हे सांगितल्यावर पहिली फोड त्यांनीच उचलली. फजिती झाली ती केळ्यांची. पहिल्या वर्षी जळगावच्या अभिमानापोटी पिकल्या केळ्यांच्या चकत्या रचल्या आणि पाहुणे हातपाय धुऊन येईपर्यंत त्या काळ्या पडल्या. तेव्हापासून कच्च्या केळ्यांचे वेफर्सच ठेवते.

पानावर चार तुकडे उरलेले असतानाच आतून सासूबाईंची हाक येते, "झाले का तुमचे? पुऱ्या लाटायच्या आहेत, पोळपाट द्या."