मांडवाच्या एकाच खांबाशी फुललेली विस्टेरिया

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रोपवाटिकेत काम करताना वेल मेल्याच्या तक्रारी कमी येतात. वेल जोमाने वाढते पण फुलत नाही, ही तक्रार मात्र नेहमीची आहे. जून २०१९ मध्ये अशाच तक्रारीसाठी मी मिनियापोलिसजवळच्या एका घरी गेलो. ऐंशी ओलांडलेल्या बाईंच्या अंगणात लाकडी मांडवावर चिनी विस्टेरिया ही फुलवेल चढवलेली होती. लावल्यापासून तिला फूल आले नव्हते. त्या वर्षी मात्र एका खांबाच्या पायथ्याशी जांभळे घोस लटकत होते, आणि गुडघ्याच्या वर एकही नव्हता.

कलम ज्यावर बांधतात त्या खुंटातून, म्हणजे दुसऱ्याच वेलीचे, फुटवे आले असावेत, ही पहिली शंका. पण फुललेल्या फांद्या कलमाच्या जोडाच्या वरूनच निघाल्या होत्या. पानाला अकरा पर्णिका होत्या आणि वेल घड्याळाच्या उलट दिशेने वळसे घेत होती. म्हणजे जात चिनीच, जपानी नव्हे. शेजारच्या हिरवळीला घातलेल्या नत्रखतामुळेही फुले अडतात, पण मग ती एका खांबाशीच का यावीत?

उत्तर बाईंच्या बोलण्यातून मिळाले. त्या हिवाळ्यात बर्फ हटवायला नवा माणूस येत होता आणि तो सगळा बर्फ त्याच खांबाशी ढकलून ठेवत असे. ३० जानेवारीला मिनियापोलिसचे तापमान उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तेव्हा हवा धरून ठेवणाऱ्या त्या ढिगाऱ्याखालच्या कळ्या तेवढ्या वाचल्या.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे लगेच उमगेल. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड तयार होतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो बाहेर पडतो. चिनी विस्टेरियाही पुढच्या वसंतातली फुले आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यांत बांधते. मात्र इथे मध्ये हिवाळा येतो आणि खोड जगले तरी फुलकळ्या मरतात.

दुकानातल्या चिठ्ठीवर ‘या भागात टिकते’ एवढेच लिहिलेले असते, आणि माझा खरा राग त्या चिठ्ठीवर आहे. थंडीचे विभाग दाखवणारा अमेरिकी कृषी खात्याचा नकाशा दर हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाची अनेक वर्षांची सरासरी सांगतो. त्याहून कडक हिवाळे येतच राहतात, आणि वेल टिकणे म्हणजे वेल फुलणे नव्हे. इथे नव्या फुटीवर फुलणारी जातच द्यायला हवी: क्लेमॅटिस या फुलवेलीत ‘जॅकमनी’, जी जमिनीलगत छाटली तरी त्याच उन्हाळ्यात फुलते, आणि विस्टेरियात केंटकी विस्टेरियाचा ‘ब्लू मून’ हा वाण. विकणाऱ्यांना हे माहीत असते. तरीही चिनी वेलीचे फुललेले छायाचित्र लावून ती विकली जाते.

जुनी वेल काढून तिथे ‘ब्लू मून’ लावा, असे मी सुचवले. बाईंनी नकार दिला, कारण ती वेल त्यांच्या दिवंगत पतींनी लावली होती. शेवटी दुसऱ्या खांबाशी ‘ब्लू मून’ लावायचे आणि चिनी वेलीच्या दोन लवचीक फांद्या ऑक्टोबरअखेर जमिनीवर आडव्या करून पेंढ्याखाली झाकायच्या, असे ठरले. मात्र चिनी वेल उन्हाळ्यात सतत छाटून आवरली नाही, तर ती शेजारच्या रोपाला झाकून टाकते. ही छाटणी त्या वयात त्या कशी करणार, हे मी तेव्हा विचारले नाही, आणि काढून टाकण्याचा आग्रह अधिक धरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.