आमची वाटचाल : बॅटरीने खाल्लेले बोर्ड
जुने संगणक दुरुस्त करणारे आमच्या आधीही होते. पण बॅटरी गळालेला बोर्ड दिसला की बहुतेक जण हात वर करायचे. आम्ही तेच काम धरलं. अमिगा २००० हा जुना संगणक, ३८६-४८६ या जुन्या पीसींचे मदरबोर्ड. सगळीकडे ती ३.६ व्होल्टची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी, आणि तिच्यापासून शेजारच्या चिपांच्या पायांपर्यंत पोचलेला निळा-हिरवा थर. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही.

मग एक स्पर्धक उगवला. नाव घेत नाही, या धंद्यातल्यांना ते कळलंच असेल. ‘आज द्या, उद्या न्या’ ही त्याची जाहिरात. आला बोर्ड की व्हिनेगर फासायचं, धुवायचं, वर हिरवं लॅकर मारून चकाचक फोटो टाकायचा. निकेल-कॅडमियममधून पोटॅशियम हायड्रॉक्साईड गळतं, ते अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, तिथे व्हिनेगर ठीकच. पण ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश एसई/३०मधली लिथियमची अर्धी एए बॅटरी थायोनिल क्लोराईडची. ते ओलाव्याला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. तिथे खायचा सोडा हवा. हा गडी तिथेही व्हिनेगरच ओतायचा!

गिऱ्हाईक मात्र फोटो बघून जातं. आमचं टेबल रिकामं पडलं, भागीदाराने आपला हिस्सा मागितला, आणि मी स्टिरिओ मायक्रोस्कोप विकायला काढला. ते कळताच एका जुन्या ग्राहकांचा फोन आला. निवृत्त गृहस्थ, मोजकं बोलणारे. म्हणाले, “मायक्रोस्कोप राहू द्या. माझ्या कपाटातले सगळे बोर्ड पाठवतो, पैसे आधी घ्या, काम सावकाश करा.” त्यांच्या त्या आगाऊ पैशांवर दुकान तरलं. आजही त्यांचा बोर्ड रांगेत थांबत नाही, आणि याबद्दल कोणाची तक्रार मी ऐकून घेत नाही.

पुढे लॅकर मारलेले बोर्ड आमच्याकडेच यायला लागले. लॅकर खरवडलं की खाली काळं पडलेलं तांबं, त्यावर सोल्डर धरतच नाही. सॉकेट उपसून काढायचं, ग्लासफायबर पेनाने ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, चकाकेपर्यंत घासायचा, डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. एकेका व्हायाला, म्हणजे बोर्डाचे थर जोडणाऱ्या बारीक भोकाला, मल्टिमीटर लावून बीप ऐकायचा. नाही वाजला तर ३० गेजची तार ओढायची. घासताना मास्क आणि हातमोजे घालाच, ती काचेची कुसळं दिसत नाहीत पण दिवसभर टोचतात. नवी बॅटरी बोर्डावर नको, तारेने लांब न्या. सीआर२०३२ हा नाण्यासारखा, चार्ज न होणारा सेल लावणार असाल तर मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड हवाच, नाहीतर जुनं चार्जिंग सर्किट त्या बिचाऱ्या सेललाच चार्ज करत बसेल.

मध्यंतरी त्या स्पर्धकाच्या जाहिरातीत ‘अल्कली की आम्ल, आधी ओळखा’ असं ठळक अक्षरांत वाचलं. आमच्या पावतीच्या मागे हे वाक्य पहिल्या वर्षापासून छापलेलं आहे.