गुडघे शेकायची पिशवी

१ मार्च २०१८. सकाळी सहाला व्हॅनचं दार उघडायला गेलो, तर ते गोठून चिकटलं होतं. सैबेरियाकडून आलेल्या त्या थंडीला इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, वर्तमानपत्रांनी 'पूर्वेकडचं जनावर' असं नाव दिलं होतं. फोनवर अकरा निरोप पडलेले, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: बॉयलर बंद.

मी मूळचा सावंतवाडीचा. बायको गोव्याची, तिच्या पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला आलो आणि गॅसचं काम शिकलो. स्विंडनमध्ये गोंयकार इतके, की दिवसातून एकदा तरी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सुक्या बांगड्याचा वास येतो. इथं बॉयलर पाणी तापवतो आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. तो बंद पडला की घर म्हणजे दगडी हौद.

पहिल्या घरी बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा शून्यावर. मालकांनी आदल्या रात्री रेडिएटरमधली हवा काढली होती, पण नंतर पाणी भरायचं राहिलं होतं. एक ते दीड बारपर्यंत भरलं, काम संपलं. दुसऱ्या घरी तर गॅसच्या मीटरच्या, आधी पैसे भरायच्या कार्डातले पैसे संपले होते. मी काहीच बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

तिसरं घर डिचोलीच्या कुटुंबाचं, भाड्याचं. मुलगा गोदामात रात्रपाळी करून नुकताच आलेला, आणि सत्तरीच्या मावशी अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल घेऊन बसलेल्या. मुलगा म्हणाला, "दादा, पहाटेपासून वीस वेळा रीसेट केला. सुरू होतो, पोटात पाणी भरल्यासारखा गुडगुडतो आणि बंद पडतो."

गुडगुड ऐकताच कळलं. आजचे बॉयलर जळलेल्या वायूतली वाफ थंड करून तिच्यातलीही उष्णता काढून घेतात. त्या वाफेचं पाणी होतं, किंचित आम्लधर्मी, आणि ते एका प्लास्टिकच्या नळीतून बाहेर जातं. नळी भिंतीबाहेर असली आणि पाणी थेंबथेंब वाहत असलं, की टोकापासून बर्फ धरतो. मग पाणी मागं तुंबतं आणि बॉयलर स्वतःला कुलूप लावून घेतो. यंत्र ठणठणीत असतं, त्याचं गटार तुंबलेलं असतं.

मागच्या अंगणात गेलो. उत्तरेच्या भिंतीवरून बारीक पांढरी नळी, साडेएकवीस मिलिमीटरची, चार मीटर आडवी गेलेली. उतार जेमतेम, वर आवरण काही नाही. कोणी केलं असेल हे, असं मनात म्हणत होतो, तेवढ्यात क्लिपांवर नजर गेली. त्या करड्या क्लिपा माझ्याच. २०१४ सालच्या ऑक्टोबरात हा बॉयलर मीच बसवला होता. बाहेरची नळी तीन मीटरच्या आत ठेवावी, बत्तीसची जाड घ्यावी, उतार नीट द्यावा, वर आवरण चढवावं, हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. जाड नळीसाठी भिंतीत मोठं भोक पाडायचा एक तास वाचवला होता.

उकळतं पाणी ओतायचं नसतं. नळी तडकते, आणि खाली सांडलेलं पाणी गोठून कोणीतरी घसरून पडतं. कोमट पाण्याचा तांब्या ओतत होतो, पण वारा असा, की पुढचा तांब्या येईपर्यंत नळी पुन्हा गार. मावशी दारातून बघत होत्या. आत गेल्या आणि आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी घेऊन आल्या.

"ही बांध रे पुता. माझे गुडघे थांबतील."

जुन्या ओढणीने पिशवी नळीच्या वळणावर बांधली. पाणी थंड झालं की मुलगा पिशवी पुन्हा भरून आणी. अर्ध्या तासाने आत खळखळ झाली आणि नळीच्या टोकातून काडीएवढा बर्फ सुटला. बॉयलर धडधडला. मी मुलाला सांगितलं, ही थंडी सरेपर्यंत रात्री बंद करू नकोस. थर्मोस्टॅट वीसवर असू दे आणि रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान चढवून ठेव. मग नळीत बर्फ सहज धरणार नाही. बिल थोडं वाढेल, नंतर उतरव.

मग तेही सांगितलं. "ही नळी मीच टाकली होती. पुढच्या आठवड्यात बदलून देतो, पैसे घेणार नाही."

मुलगा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "मग चहा तरी घ्या," म्हणाला. तो चहा मला गोड लागला नाही.

गाडीत बसून जुनी वही काढली. त्या वर्षी घाईत उरकलेली घरं आठवून सहा पत्ते निघाले. सहाही ठिकाणी फोन लावला. चौघांचे बॉयलर बंद होते.

निघताना मावशींनी पिशवी माझ्याच हातात ठेवली होती, आज तुलाच लागेल म्हणून. ती चारही घरं फिरली. अंधार पडल्यावर परत द्यायला गेलो, तेव्हा मावशींनी आधी ती नाकाजवळ नेली आणि विचारलं, "कुठं कुठं लावलीस रे ही?"