"खोक बरं एकदा"

ओपीडी संपत आली होती. ती आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, पांढरं जातंय." 31वा आठवडा.

हे वाक्य मी रोज ऐकते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, योनीकडचा रक्तपुरवठा वाढतो, मग स्रावही वाढतोच. दुधाळ, पातळ, फारसा वास नसलेला. उलट तो जंतूंना वर चढू देत नाही. त्यामुळे माझं उत्तरही ठरलेलं: सुती कपडे वापर, आतून धुऊ नकोस, खाज सुटली तर ये. दोन आठवड्यांपूर्वी तिला हेच सांगून पाठवलं होतं.

आताही पेन कागदावर टेकलेलंच होतं. "खाज? वास?" नाही. "दह्यासारखं घट्ट? हिरवट?"

"नाही, पाण्यासारखं आहे. पण सकाळपासून तीनदा कपडे बदलले. झोपून उठलं की एकदम जातं."

"लघवी तर नाही ना?"

"लघवी थांबवता येते, मॅडम. हे थांबत नाही."

पेन खाली ठेवलं. तिला टेबलावर घेतलं. अशा वेळी बोटांनी तपासत नाही, जंतू वर जायची भीती असते. फक्त निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचं साधन. आत स्वच्छ पाणी साचलेलं. म्हटलं, "खोक बरं एकदा." ती खोकली आणि गर्भाशयाच्या तोंडातून बारीक धार आली. आम्लता तपासायची पट्टी लावली, पिवळ्याची निळी झाली. योनीतला स्राव आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 4.5च्या आत, गर्भजलाचा 7च्या वर. रक्त किंवा वीर्य असलं तरी पट्टी निळी होते, म्हणून एकट्या पट्टीवर माझा विश्वास नाही. पण धार डोळ्यांनी पाहिल्यावर पट्टीचं काय घेऊन बसायचं!

पाणमोट फुटली की भसकन पाणी येतं, असं सगळ्यांनाच वाटतं. हिची ठिबकत होती.

लगेच भरती केलं. अँटिबायोटिक, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं 24 तासांच्या अंतराने, मग रोज ताप, नाडी, बाळाचे ठोके बघत दिवस काढायचे. 34व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. रडली. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि घरी गेली.

मधल्या एका राउंडला मी तिला विचारलं होतं, "अगं, पाणी जातंय असं सरळ का नाही म्हणालीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पांढरं जाणं नॉर्मल असतं. मला वाटलं, तेच असेल."

तिच्या कार्डावर आधीच्या भेटीची नोंद माझ्याच अक्षरात आहे: 'डिस्चार्ज – नॉर्मल'. त्या दिवशी ते खरंच नॉर्मल होतं का, हे आता कळायला मार्ग नाही. तेव्हा मी स्पेक्युलम लावलंच नव्हतं.