बांध नसलेलं रान

शेतकऱ्याला कुठलंही नवं रान दाखवा, तो आधी बांध शोधतो. पीक नंतर, माती त्याहून नंतर. बांध कुणाचा, त्यावरची बाभळ कुणाची, पावसाचं पाणी कुणीकडं काढलंय, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझे सासरे अण्णा बार्शी तालुक्यातले, सात एकर कोरडवाहूचे धनी. ऑगस्टमध्ये आम्ही मिनियापोलिसहून साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सकडे निघालो, तेव्हा गुडघ्यांमुळे पुढची सीट त्यांना मिळाली. स्टिअरिंग माझ्याकडे आणि नवरा मागे, पोरांच्या मारामारीत.

सू फॉल्स मागे पडलं. वेगमर्यादा ताशी ८० मैल, दोन्हीकडं मका, सोयाबीन, पुन्हा मका. "इथं काहीच नाहीये," असं जाहीर करून पोरांनी टॅबमध्ये डोकं घातलं. एका अर्थी खरंच होतं ते. या पट्ट्यात एकेकाळी पुरुषभर उंच गवत होतं; नांगराखाली जाऊन आता त्या गवताळ प्रदेशाचा चार टक्केही भाग उरलेला नाही. अण्णा मात्र काचेला नाक लावून बसलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बांध कुठाय गं यांचा?"

बांध नव्हताच. होते ते दर मैलाला काटकोनात फुटणारे खडीचे रस्ते. माणसं वसायच्या आधीच जमिनीचे चौकोन पाडून ठेवायचे, असा कायदा अमेरिकेनं १७८५ मध्ये केला. मैल बाय मैलाचा एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर. असे ३६ मिळून टाउनशिप. डकोटात त्यातले १६ आणि ३६ नंबरचे चौकोन शाळांच्या नावे राखले होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाव चौकोन, म्हणजे १६० एकर, पाच वर्षं राहून कसणाऱ्याला जवळपास फुकट मिळायचा.

"एकशेसाठ?" अण्णा माझ्याकडं वळले. "आपल्याकडं कोरडवाहूला सीलिंग ५४ एकराचं!"

मोजणी ६६ फुटांच्या साखळीनं झाली, हे ऐकल्यावर तर त्यांची कळी खुलली. आपली शंकुसाखळी ३३ फुटांची, बरोब्बर तिच्या निम्मी. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. "म्हणजे मोजणीवाला एकच होता," असा निकाल त्यांनी देऊन टाकला आणि पुढची दहा मैलं मनातल्या मनात गुंठे करत बसले.

मका हात लावून बघायचा होता, म्हणून हायवे सोडून एका खडीच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यांना नंबर अडीचशेच्या पुढचे आणि घर दिसेल तर शपथ. कणसाचं टोक सोलून, दाण्यात नख खुपसून अण्णांनी चीक पाहिला. "महिनाभर आहे अजून." पुढे तो सरळसोट रस्ता एका तिठ्यावर अचानक संपला, थोडा बाजूला सरकला आणि पुन्हा नाकासमोर निघाला. पृथ्वी गोल. उत्तरेकडं जाऊ तशा रेखावृत्तांच्या रेषा जवळ येतात, चौकोन बसेनासे होतात. म्हणून ठरावीक अंतरावर रस्ते असे सरकवून घ्यावे लागले. वॉशिंग्टनच्या कागदाला पृथ्वीनं एवढी एक गोष्ट तरी मान्य करायला लावली, याचा मला उगाचच आनंद झाला.

मिचेल गावात कॉर्न पॅलेस आहे, १८९२ पासूनचा. उभी चिरलेली रंगीबेरंगी कणसं खिळ्यांनी ठोकून भिंतीभर चित्रं काढतात. चिमण्या आरामात दाणे टिपत होत्या. "गोफण घेऊन कुणी बसत नाही वाटतं," अण्णा म्हणाले. मला विचाराल तर बाकी इमारत अर्ध्या तासाची.

चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की मका हळूहळू माघार घेतो आणि माळ सुरू होतो. तिथले लोक राज्याचे दोन भागच मानतात, ईस्ट रिव्हर आणि वेस्ट रिव्हर. पलीकडं गवत, गुरं आणि मध्येच सूर्यफुलांचे पट्टे. पक्व सूर्यफूल वळायचं थांबतं, पूर्वेकडं तोंड करून राहतं. आम्ही पश्चिमेकडं चाललेलो, त्यामुळे आख्खं शेत आमच्याकडं बघत होतं. अण्णांनी हात हलवला. वॉल गावातल्या दुकानाच्या 'बर्फाचं पाणी फुकट' अशा पाट्या १९३६ पासून वाटसरूंना खुणावताहेत. पोरांनी टॅब खाली ठेवले ते त्या मोजायला.

"पण पहिली मोजणी करताना आधीच्या माणसांना कुणी विचारलं का?" बॅडलँड्स जवळ आल्यावर अण्णांनी विचारलंच. नवऱ्यानं मागून सांगितलं. १८६८ च्या तहात मिसुरीच्या पश्चिमेचा हा सगळा भाग, ब्लॅक हिल्ससकट, इथल्या मूळ रहिवासी लकोटा लोकांचा ठरला होता. १८७४ मध्ये तिथं सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारनं डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं भरपाईवर शिक्कामोर्तब केलं, व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर. लकोटांनी त्यातला एक डॉलरही उचललेला नाही. व्याज चढून ती रक्कम आता शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेलीय.

"बांध कोरणारे पाहिलेत, हे डोंगर कोरणारे," अण्णा म्हणाले. "नाही उचलले तेच बरोबर. पैसे घेतले की दावा मिटला."

"पण अण्णा, दीडशे वर्षं होत आली."

"मग? आपला चुलत्याशी ८४ सालापासून चाललाय, दीड गुंठ्यासाठी. दिवाळीनंतरची तारीख आहे."