"थोडासा करंट मारते, पण चालते"

होळी झाली की विदर्भात गावोगावी कूलर बाहेर निघतात. दर्यापूर असो, पुसद असो की ब्रह्मपुरी, मृग लागेपर्यंत पत्र्याच्या कूलरशिवाय घरात झोप नाही. आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी सहज बोलून जातं, "थोडासा करंट मारते, पण चालते." नाही चालत, भाऊ. बोटाला झिणझिण्या येतात म्हणजे पत्र्यात वीज उतरली आहे. आज पायात चप्पल होती, फरशी कोरडी होती, म्हणून झिणझिण्यांवर भागलं. उद्या तिथेच सांडलेल्या पाण्यात अनवाणी पोरगं उभं राहील. म्हणून थंड हवेचं नंतर बोलू, आधी करंटचं.

पत्र्यात वीज येते ती बहुतेक तीन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण पाण्यातला पंप. जुन्या पंपाचं सील फाटतं, आतल्या वायरीवरचं आवरण तडकतं आणि टाकीतलं सगळं पाणीच करंट धरतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे जास्त जपावं लागतं, कारण खारं पाणी वीज सहज वाहून नेतं आणि पत्राही लवकर खातं. दुसरं ठिकाण, वायर जिथून पत्र्यातून आत जाते ते भोक. तिथे रबरी बुश, म्हणजे भोकात बसणारं रबराचं कडं, नसेल तर पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार वायर कापत राहते. तिसरं म्हणजे टेप गुंडाळलेला जोड. ओलाव्यात टेप सुटतो. आत, ओल्या गवताच्या ताट्यांच्या बाजूला जोड ठेवूच नका. पंपाची वायर कमी पडत असेल तर पूर्ण लांबीची वायर नवी घ्या.

आता अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी वायर. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन त्यासाठीच असते. तिची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्क्रूखाली घट्ट आवळलेली हवी. पण खेड्यातल्या बऱ्याच घरांत बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. कुठे कुठे ते भोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीला, जोडून दिलेलं असतं. हे फार धोक्याचं. खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली की पंख्यातून फिरून आलेली वीज थेट कूलरच्या पत्र्यावर येते, म्हणजे बिघाड नसलेला कूलरही माणसाला धरतो. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब जसा लख्ख लागतो, तसाच तो फेज आणि अर्थिंगमध्ये लागला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे.

अर्थिंगचा खड्डा मोरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याजवळ घ्यावा, ८-१० फूट खोल, मधे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि ज्या महिन्यांत कूलर चालतो नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग कमजोर पडते. एक दिवसाआड बादलीभर पाणी खड्ड्यात ओता. एवढ्याने फरक पडतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे" यावर निर्धास्त राहू नका. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट पाहतो. माणसाच्या अंगातून जाणारी वीज त्याच्या हिशोबात फार थोडी, तो पडत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरचा. बसवला की महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबायचं. खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर बदला.

आणि घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या आईलाही, ही सवय लावा: पाणी भरताना, ताटी काढताना, पंप हलवताना आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद कूलरमध्येही फेज जिवंत असते. कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने सोडवा.

आता थंडाव्याचं. कूलर हवा गार करतो ती पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं म्हणून. बाहेर ४५ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर २९-३० अंशांची हवा देतो. पण ओली हवा बाहेर पडायला वाट हवी. कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढणारा, आणि समोरचं दार वीतभर उघडं. दार लावून घेतलं की तासाभरात खोली दमट, अंग चिकट, आणि दोष मात्र कूलरला. भर दुपारी तासाला १० लिटरच्या वर पाणी लागतं. टँकरच्या गावात तो हिशोब आधीच धरा.

ताट्या दर मोसमाला नव्या. गवत भिजून खाली बसतं, वर चार बोटं जागा उघडी पडते आणि तिथून गरम हवा सरळ आत येते, ती भरून काढा. फार ठासूही नका, हवा अडते. पंखा लावायच्या १० मिनिटं आधी पंप सुरू करा. पंप नुसता गुणगुणतोय, पाणी चढत नाही, तर प्लग काढून जाळी उघडा. आतल्या पात्यावर क्षार बसलेला असतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा. पंप टाकीच्या तळाला न ठेवता विटेच्या तुकड्यावर ठेवला तर गाळ ओढत नाही.

टाकी आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस घेतो, म्हणून आरोग्य खातं कोरडा दिवस पाळायला सांगतं. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. काथ्याने घासा. खारं पाणी असेल तर दर दोन दिवसांनी बदला.

नवतप्यात, २५ मेपासूनच्या नऊ कडक दिवसांत, कूलरवर सगळा भर असतो. मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली की तोच कूलर गार करत नाही. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. माळ्यावर टाकताना टाकी उन्हात दोन दिवस वाळवा, गंज खरवडून आतून डांबराचा हात द्या, आणि पंप काढून गोड्या पाण्यात धुऊन वेगळा ठेवा.