ओढ्यांच्या पट्ट्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी: गियर ऑइल, कपलिंग ऑइल आणि वर्कशॉपची बिलं

आधी निकाल सांगतो. या मार्गावर, म्हणजे डांबर, खडी, लांब चढ आणि मग गार ओढे अशा डोंगरवाटेवर, कुठलीही नीट असलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी इंजिनाच्या ताकदीवर आरामात जाते. गाड्या जायबंदी होतात त्या ऑइलमुळे. निघण्यापूर्वी ताफ्यातल्या बहुतेकांना वर्कशॉपमध्ये एकच उत्तर मिळालं होतं: “ड्राइव्हट्रेनचं (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं) ऑइल लाइफटाइम असतं, उघडायची गरज नाही.” या सल्ल्यावर विसंबून इथे येऊ नका. ‘लाइफटाइम’ हे साध्या रस्त्यावरच्या साध्या वापरापुरतं असतं. मॅन्युअलमध्ये बहुधा खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. डोंगरात सतत चालवणं, ट्रेलर ओढणं, धूळ यांसाठी त्यात ऑइल बदलण्याचं अंतर बरंच कमी दिलेलं असतं. डिफ (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गियरचा डबा) पाण्यात बुडाला तर ऑइल लगेच तपासा किंवा बदला, असंही कित्येक मॅन्युअलांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तो तक्ता शोधून वाचा.

डांबरी भाग सुंदर आहे आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. खडीचा भागही तसाच.

चढ लांब आहे आणि वेग कमी, म्हणजे खालून वारा मिळत नाही. आडवं इंजिन असलेल्या गाड्यांनी इथे सांभाळायचं ते पॉवर ट्रान्सफर युनिट, म्हणजे पुढच्या गियरबॉक्सला चिकटलेला आणि मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा छोटा डबा. तो बहुतेक गाड्यांत एक्झॉस्टच्या अगदी जवळ असतो आणि त्यात ऑइल जेमतेम अर्धा ते एक लिटर. एवढंसं ऑइल तापून काळं, दाट आणि जळक्या वासाचं होतं. मग बेअरिंग आणि सील जातात. अनेक गाड्यांत याला ड्रेन प्लगच नसतो. भरायच्या भोकातून नळी घालून पंपाने जुनं ऑइल ओढून काढायचं आणि त्याच वाटेने नवं भरायचं. काम कंटाळवाणं आहे म्हणून मेकॅनिक टाळतात. टाळू देऊ नका.

आता तो पट्टा. चढ उतरल्यावर एकामागोमाग ओढे लागतात, पाणी बर्फासारखं गार आणि डिफ चटका बसेल इतका तापलेला. पाण्यात शिरताच हाउसिंगमधली (डिफच्या बाहेरच्या कवचातली) हवा आकसते आणि आत ओढ बसते. वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर आत हवा जाते. ब्रीदर बुडालेला किंवा चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या ओठांतून पाणी खेचलं जातं. बुजलेला ब्रीदर चढावर उलटा त्रास देतो: गरम हवेचा दाब ऑइल सीलमधून बाहेर ढकलतो. म्हणून निघण्यापूर्वी ब्रीदरची टोपी बोटाने हलवून पाहा, आणि शक्य असेल तर नळी जोडून तोंड उंच न्या, टेललाइटच्या मागे किंवा इंजिनाच्या खणात. पहिल्या ओढ्याआधी वीस मिनिटं थांबा. उशीर झाला, अंधार पडतोय, अशा वेळीही थांबा. ताफ्यातल्या घाईत गेलेल्या गाड्यांच्या मागच्या डिफमध्ये पाणी सापडलं, थांबलेल्यांच्या डिफमध्ये नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. ओढे पार केल्यावर रात्रभर गाडी सपाटीवर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे जे घुसळलं गेलेलं नाही ते तळाशी बसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी ड्रेन प्लग थोडासाच सैल करा. पहिले थेंब पाण्याचे आले तर उत्तर मिळालं. पाणी आधीच घुसळलं गेलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. दुधाळ ऑइलची फिल्म टिकत नाही आणि बेअरिंगला गंज धरतो, म्हणून “घरी गेल्यावर बघू” हे चालणार नाही. ऑइल काढा, नवं भरा, थोडं अंतर चालवा, पुन्हा काढून पाहा. दुसऱ्यांदाही धुरकट आलं तर तिसऱ्यांदा. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या डिफचं ऑइल दोन वेळा भरता येईल इतकं बरोबर घ्या.

याच पट्ट्यात एका गाडीचा मागचा भाग पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू फिरवताना घरघरू लागला, गाडी धक्के खाऊ लागली. पाणी नव्हतंच आत. निघण्यापूर्वी एका वर्कशॉपने मागच्या हाउसिंगमध्ये साधं ७५डब्ल्यू-९० दाटपणाचं गियर ऑइल भरून दिलं होतं, आणि त्या हाउसिंगमध्ये गियरबरोबर क्लच प्लेट्सही होत्या. होंडाच्या अनेक ऑल-व्हील-ड्राइव्ह मॉडेलांत अशीच रचना असते आणि त्यासाठी कंपनीचं ड्युअल पंप फ्लुइड लागतं. साध्या गियर ऑइलमधले पदार्थ प्लेट्सचं घर्षण बदलतात; मग प्लेट्स पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात, तीच घरघर. योग्य फ्लुइड दोनदा बदलल्यावर आवाज गेला. दुर्लक्ष केलं असतं तर प्लेट्स संपल्या असत्या.

म्हणून “ऑल-व्हील-ड्राइव्ह ऑइल” असं काही मागू नका. प्रत्येक डब्याचं नाव घेऊन मागा. मॅन्युअल गियरबॉक्सला जीएल-४ (गियर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-४च. जीएल-५मध्ये अतिदाबाचे गंधक-फॉस्फरसयुक्त पदार्थ जवळपास दुप्पट असतात. हायपॉइड डिफला (ज्याचे गियर एकमेकांवर दाबून घसरत फिरतात) ते हवेच असतात, पण गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना ते बाधू शकतात. उलट सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांत गियरबॉक्स आणि पुढचा डिफ एकाच ऑइलवर चालतात आणि तिथे जीएल-५ सांगितलेलं असतं, म्हणून सरसकट नियम करू नका. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (ठरावीक गियरांऐवजी सलग बदलणारं ऑटोमॅटिक) सुबारूत पुढच्या डिफचं ऑइल वेगळं असतं, प्लगही वेगळा. चुकीचा प्लग उघडून डिफ रिकामा आणि ट्रान्समिशन दुप्पट भरलेलं, असे प्रकार होतात.

क्लच-पॅकच्या लिमिटेड-स्लिप डिफला (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण नीट ठेवणारा पदार्थ, लागतो. काही ऑइलमध्ये तो आधीच असतो, बाटली वाचा. टॉर्सन प्रकाराला (जो क्लचऐवजी गियरवर चालतो) त्याची गरज नसते. हाल्डेक्स कपलिंगचं (गरजेप्रमाणे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचचं) ऑइल मागच्या डिफच्या ऑइलपेक्षा निराळं असतं, जरी दोन्ही एकाच गठ्ठ्यात दिसले तरी. पाचव्या पिढीच्या हाल्डेक्सला बदलायचा फिल्टर नाही, पण पंपाची जाळी चोंदते. ऑइल बदलताना पंप काढून ती साफ करायला सांगा. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल) कधीच नाही. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्यात) काही गाड्यांना एटीएफ लागतं, काहींना गियर ऑइल. अंदाज करू नका.

थंडीत जाणाऱ्यांनी पहिला आकडा पाहावा: ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत वाहतं, ८०डब्ल्यू उणे २६ आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंतच. आणि ९० हा आकडा पाहून दचकू नका. गियर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तो दाटपणा इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५०च्या जवळ जातो.

मार्गाच्या शेवटी दमलेल्या गाड्यांची वाट पाहणारं एक वर्कशॉप आहे. तिथे मशीनने फ्लश आणि सगळ्या डब्यांना एकच ऑइल असा प्रस्ताव येतो. दोन्ही नाकारा. जाण्याआधी प्रत्येक डब्यात किती ऑइल मावतं ते मॅन्युअलमधून लिहून घ्या. छोट्या एसयूव्हीच्या मागच्या डिफमध्ये साधारण एक लिटर बसतं. बिलात चार लिटर लिहून आले होते. सीलबंद बाटली समोर उघडून घ्या, रिकामी बाटली मागून घ्या.

स्वतः बदलत असाल तर क्रम पाळा. थोडी चालवून ऑइल कोमट करा, गाडी सपाट ठेवा, स्टँडवर असेल तर चारही बाजूंनी सारखी. फिलर प्लग आधी उघडा. तो गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही ड्रेन आधी उघडला असेल, तर रिकाम्या डिफसह गाडी तिथेच बसते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी बारीक लेप असणं ठीक. हाताला टोचणारे तुकडे असतील तर पुढचा प्रवास रद्द. वॉशर नवा घाला, टॉर्क (प्लग आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे. डिफ फिलरच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरा आणि ओघळणं थांबलं की प्लग लावा. सीव्हीटीची पातळी अशी पाहायची नाही. तिथे स्कॅनरवर फ्लुइडचं दिलेलं तापमान आल्यावरच तपासतात.

टायरही बघा. सुबारू चारही टायरच्या परिघातला फरक साधारण ६ मिमीच्या आत ठेवायला सांगते. एकच नवा टायर घातला तर कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं ऑइलही जळतं. पंक्चर झालेला टायर दुरुस्त होत नसेल आणि स्पेअर छोटा असेल, तर ओढ्यांचा पट्टा सोडून डांबरी वाटेने परत फिरा.